गुडघ्यातला तीन पेडी दोर

गावाकडे अंबाडीचे चऱ्हाट वळताना मी लहानपणी पाहिले आहे. पेडांना एका बाजूने पीळ द्यायचा आणि ते एकमेकांवर चढवायचे उलट बाजूने. मग दोर उकलत नाही. पन्नाशीत गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा सांध्यांतल्या कूर्चेविषयी मिळेल ते वाचत सुटलो आणि हेच चऱ्हाट मद्रासमध्ये पुन्हा भेटले.

१९५२ मध्ये जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले, तिशीच्या उंबरठ्यावर. त्याच सुमारास तिथे आलेल्या जे. डी. बर्नाल यांनी सांगितले की, कोलॅजेनची रचना अजून कोणालाच नीट उलगडलेली नाही. कातडी, हाडे, कंडरा, कूर्चा यांना धरून ठेवणारे हे प्रथिन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेची क्ष-किरण चित्रे अभ्यासली. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली, पुढच्या वर्षी त्या साखळ्या एकमेकींभोवती वळवल्या. प्रत्येक साखळीचा पीळ डावा, तिघींच्या दोराचा उजवा. दोराच्या गाभ्यात जागा इतकी अरुंद, की दर तिसरा घटक ग्लायसीन, म्हणजे सर्वांत छोटे अमिनो आम्ल, असावाच लागतो.

लगेच रिच आणि क्रिक यांचा आक्षेप आला : तुमचे काही अणू एकमेकांच्या फार जवळ आहेत. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण रामचंद्रन रुसले नाहीत. अणू मुळात किती जवळ येऊ शकतात, हेच त्यांनी शोधायला घेतले आणि १९६३ मध्ये रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख दिला. जगभर प्रथिनांच्या रचना आजही त्यावर पारखल्या जातात. मला तर हे मूळ शोधाहून मोठे वाटते.

कूर्चेतले कोलॅजेन कंडरेतल्यापेक्षा वेगळ्या जातीचे; पीळ मात्र तोच. त्याच्या जाळीत ॲग्रिकॅन हे पाणी ओढून घेणारे प्रथिन कोंबलेले असते. ते फुगू पाहते, दोर त्याला आवरतात; त्या ताणावर आपण जिने चढतो.

अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बनचा माग काढून डॅनिश संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, प्रौढपणी गुडघ्याच्या कूर्चेतले कोलॅजेन जवळजवळ बदलतच नाही, दुखऱ्या गुडघ्यातही नाही. औषधाच्या दुकानात कोलॅजेनची पूड मिळते. पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखे तिचेही तुकडेच होतात. माझ्या गुडघ्यातला दोर मी शाळेत असताना वळला गेला, तो अजून तोच आहे.