गॅलोडेट विद्यापीठाची सनद आणि बधिरांचा अधिकार

सनदेचा अर्थ तिच्या मजकुरावरून जितका ठरतो, तितकाच तिचा अंमल कोणाच्या हातीं राहिला यावरूनहि ठरतो, हें वतनांच्या व इनामांच्या कज्जांचे कागद हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरच्या गॅलोडेट विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. संस्था निघाली बधिरांच्या उच्च शिक्षणाकरितां. परंतु तिचें अध्यक्षपद बधिराकडे जाण्यास सुमारें १२४ वर्षें लागलीं, आणि तेंहि विद्यार्थ्यांनीं दरवाजे अडविल्यावर.

१८५७ सालीं माजी पोस्टमास्तर जनरल अमोस केंडल यांनीं दिलेल्या जागेंत बधिर व अंध मुलांची एक लहान शाळा निघाली. तिचे मुख्य म्हणून एडवर्ड माइनर गॅलोडेट यांस नेमलें, तेव्हां त्यांचें वय अवघें वीस होतें. त्यांचे वडील थॉमस यांनीं लोराँ क्लेर्क या बधिर शिक्षकाच्या साह्यानें १८१७ त हार्टफर्ड येथें शाळा काढली होती; मातोश्री सोफिया फाउलर या तर स्वतःच बधिर. तेव्हां हस्तसंकेतांची भाषा ही एडवर्ड यांची अक्षरशः मातृभाषा म्हटली पाहिजे. यादवी युद्ध चालू असतां ८ एप्रिल १८६४ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं या संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. १८६९ त पहिल्या तीन पदवीपत्रांवर अध्यक्ष ग्रँट यांची सही झाली व राष्ट्राध्यक्षांनीं सही करण्याची ती चाल पुढें रूढ झाली. सह्या-शिक्क्यांच्या संग्राहकांस हेवा वाटावा अशींच हीं पत्रें आहेत. १८९४ त संस्थेस थॉमस यांच्या स्मरणार्थ गॅलोडेट कॉलेज हें नांव मिळालें. १९८६ त तिचें विद्यापीठ झालें.

मध्यंतरीं १८८० त इटलींतील मिलान येथें बधिरशिक्षकांची परिषद भरली. शाळांतून हस्तसंकेत काढून टाकून केवळ ओठांवरून ओळखणें व तोंडानें बोलणें शिकवावें, असा ठराव तेथें प्रचंड बहुमतानें झाला. एडवर्ड गॅलोडेट विरुद्ध पक्षांत होते. १६४ प्रतिनिधींत बधिर असे एकच, त्यांच्याच संस्थेंतील जेम्स डेनिसन. ज्यांच्या भाषेचा निकाल लागावयाचा त्यांचें मत एक! या ठरावानंतर अनेक देशांतील शाळांतून बधिर शिक्षकांची उचलबांगडी झाली. शिक्षकांच्या परिषदेनें तो जाहीरपणें फेटाळला तो २०१० त, व्हँकूव्हर येथें.

या भाषेस रूढ लिपि नाहीं, म्हणून पोथी नाहीं व नक्कलहि नाहीं. तेव्हां अमेरिकेंतील बधिरांच्या राष्ट्रीय संघानें वर्गणी गोळा करून तिचे चित्रपट घेतले. १९१३ च्या एका चित्रपटांत जॉर्ज व्हेडिट्झ हे हस्तसंकेतांनींच त्या भाषेच्या रक्षणाची विनंति करितात. आमच्या मतें हा बखरीहून सरस, अस्सल पुरावा होय.

आतां मुख्य प्रकरण. १९८८ पर्यंतचे सहाहि अध्यक्ष ऐकूं येणारे होते. त्या वर्षीं अखेरच्या निवडींत तीन उमेदवार उरले. किंग जॉर्डन व हार्वे कॉर्सन हे दोघे बधिर. एलिझाबेथ झिन्सर या ऐकूं येणाऱ्या व हस्तसंकेत न जाणणाऱ्या. ६ मार्च रोजीं विश्वस्तांनीं झिन्सरबाईंस निवडलें व ती वार्ता छापील पत्रकानें कळविली. विद्यार्थी तडक विश्वस्त उतरले होते त्या मेफ्लॉवर हॉटेलावर चालून गेले. बधिर अद्याप ऐकणाऱ्यांच्या जगांत वावरण्यास समर्थ नाहींत, अशा आशयाचें वाक्य मंडळाच्या अध्यक्षा जेन स्पिलमन यांच्या तोंडचें म्हणून तेथून पसरलें. आपण तसें म्हटलेंच नाहीं, दुभाष्याची चूक झाली, असें बाईंचें म्हणणें. या वाक्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आम्हांस तो वाद गौण वाटतो. बाईंस स्वतःस हस्तसंकेत येत नव्हते, आणि एकवीस विश्वस्तांत बधिर चारच होते. या दोन गोष्टी निर्विवाद असतां उच्चारलेल्या वाक्याचा कीस कशास काढावा?

दुसऱ्या दिवशीं विद्यार्थ्यांनीं दरवाजे अडविले. ग्रेग हलिबोक, टिम रेरस, ब्रिजेटा बोर्न व जेरी कोव्हेल हे त्यांचे पुढारी. मागण्या चार: बधिर अध्यक्ष, स्पिलमनबाईंचा राजीनामा, मंडळांत बधिरांचे शेंकडा ५१ सभासद, आणि कोणावरहि सूड न उगवणें. लोक पहिलीच मागणी स्मरतात. वजनाची आहे ती तिसरी. अध्यक्ष बदलतो, नेमणारे हात राहतात. मिलानचें दुखणेंहि हेंच होतें.

जॉर्डन यांनीं आरंभीं झिन्सरबाईंस पाठिंबा दिला होता, हें त्यांचे चाहते सांगत नाहींत. १० मार्चला त्यांनीं तो परत घेतला. त्याच रात्रीं झिन्सरबाई पदावरून दूर झाल्या. ११ रोजीं सुमारें अडीच हजार लोक कॅपिटॉलवर चालून गेले. १३ रोजीं जॉर्डन अध्यक्ष झाले, स्पिलमनबाईंनीं पद सोडलें व बधिर विश्वस्त फिलिप ब्रॅव्हिन मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळांत बधिरांचें बहुमत व्हावें हेंहि मान्य झालें.

२००६ त जेन फर्नांडिस या बधिर बाईंच्या नेमणुकीविरुद्धहि दरवाजे अडले, व २९ ऑक्टोबरला मंडळानें ती रद्द केली. या वेळीं जॉर्डन फर्नांडिसबाईंच्या पक्षाचे होते.