सुरूची बाग (वसई)

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात अरबी समुद्राकाठी असलेले सुरूचे बन व त्यापुढील पुळण. वसईच्या किल्ल्याच्या उत्तरेस, भिवंडीपासून पश्चिमेला सरळ रेषेत 25 ते 30 किमी. भिवंडी शहराला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. तेथील कामवारी नदी उल्हासच्या खाडीला मिळते आणि ते पाणी वसईच्या खाडीवाटे समुद्रात जाते. भिवंडीकरांना वाळूतून निवांत चालायचे असल्यास हा किनारा जवळचा आहे.

भूरचना : ओहोटीला उघडी पडलेली वाळू सुकते, समुद्रावरचा वारा ती आत ढकलतो आणि झाडाझुडपांशी अडून ती साठते. अशा साठ्यांतून किनाऱ्याला समांतर बुटके वाळूचे बांध, म्हणजेच वाळूच्या टेकड्या, तयार होतात. पावसाळ्यातील लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, तर शांत ऋतूत समुद्र त्यातील बरीचशी परत आणून टाकतो. मोठ्या लाटांच्या वेळी बांधातील साठा खर्ची पडतो व मागची जमीन वाचते. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या विहिरी गोड राहण्यास मदत होते. वाड्या आणि बावखले (गोड्या पाण्याची तळी) जपणाऱ्या वसईला या वाळूचे मोल मोठे आहे.

वनस्पती व प्राणी : कोकणच्या वाळूवर प्रथम मर्यादवेल पसरते. तिच्या पेरापेराला मुळे फुटतात व वाळू जागच्या जागी बांधली जाते. ‘रावणाच्या मिशा’ या काटेरी गवताचे गोल तुरे वाऱ्याबरोबर घरंगळत बी पेरतात. सुरू हे मूळचे आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडील झाड. वारा अडवण्यासाठी ते किनाऱ्यांवर लावले गेले. त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणून निकस वाळूतही ते वाढते. मात्र गळलेल्या काड्यांच्या जाड थराखाली देशी वेली फारशा रुजत नाहीत. म्हणून बनापुढचा वेलींचा पट्टा मोकळा राखणे आवश्यक ठरते. ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. हिवाळ्यात कुरव व चिखले हे पक्षी कोकण किनाऱ्यावर येतात.

पायवाट : बनाच्या सावलीतून किंवा भरतीरेषेखालील टणक वाळूवरून चालता येते. चढ जवळजवळ नसल्याने मुले व वयस्कर माणसेही आरामात चालू शकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ आणि ओहोटीची वेळ सर्वांत सोयीची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते, म्हणून निघण्यापूर्वी तिची वेळ पाहावी. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये.

इतिहास : जवळचा वसईचा किल्ला 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकला. या मोहिमेसाठी पेशव्यांकडे दीर्घकाळ खटपट करणारे गंगाजी नाईक अणजूरकर हे आजच्या भिवंडी तालुक्यातील अणजूरचे. किल्ल्याचे अवशेष आणि पुळण एकाच दिवसात पाहता येतात.

दळणवळण : दिवा–वसई लोहमार्गावर भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र व वसई रोड ही स्थानके आहेत. रस्त्याने अंजूरफाटा, खारबाव, कामण व चिंचोटीमार्गे वसईला येता येते.

संवर्धन : किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 व 2019 च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संवेदनशील वर्गात ठेवले आहे. वाळूउपसा, वाहने वाळूवर नेणे व कचरा यांमुळे वेलींचे आवरण तुटते, आणि ते तुटले की साठलेली वाळू वारा उडवून नेतो. येणाऱ्याने रुळलेल्या वाटेनेच चालावे, मर्यादवेल तुडवू नये आणि आपला कचरा परत न्यावा. या किनाऱ्याचे रक्षण करणारी ही वेल जपणे प्रत्येक पाहुण्याच्या हाती आहे.