डबक्यातले स्त्रीराज्य

नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ ज्या स्त्रीराज्यात जाऊन गुंतले, ते नेमके कोठे होते याविषयी पंडितांचे एकमत नाही. परंतु तसे एक राज्य आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवर दर पावसाळ्यात वसते आणि उन्हाळा येताच मोडते, एवढे मी सांगू शकतो. हर्सूलच्या बाजूच्या एखाद्या डबक्यातील पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरावे. तिळाएवढे जीव उड्या घेत वरखाली होताना दिसतात. इंग्रजांनी त्यांना पाण्यातल्या पिसवा म्हटले आहे. परंतु त्यांचे खरे गोत्र कोळंबी-खेकड्यांचे, म्हणजे कवचधारी प्राण्यांचे. डॅफ्निया, मॉयना ही त्यांची शास्त्रीय नावे होत. भिंगाखाली हे जीव दाखविले की वर्गातील मुले हटकून विचारतात, "सर, यांत नर कोणता?" पुष्कळदा उत्तर असते, एकही नाही.

पाणी मुबलक व अन्न विपुल आहे तोवर यांतील माता नराच्या संगावाचूनच अंडी घालते व त्यांतून मुलीच निपजतात. पुढे गर्दी वाढली, अन्न तुटले किंवा दिवस लहान झाले, म्हणजे तीच माता मुलगे प्रसवते. मग नरमादीच्या संयोगातून टणक कवचाची अंडी होतात व ती चिखलात पडून पुढील पावसाची वाट पाहतात. नवलाची गोष्ट ही की, हे मुलगे जनुकांच्या दृष्टीने आईचीच हुबेहूब प्रतिकृती असतात. माणसांत पुत्राला वेगळे करणारे वाय गुणसूत्र असते. तसे येथे काही नाही. मग बहीण व भाऊ यांत भेद करतो कोण?

या प्रश्नाच्या इतिहासात आपल्या नागपूरचेही नाव आहे. १८४५ साली तेथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना धर्मकार्याइतकाच दगडांचा, जीवाश्मांचा व जीवजंतूंचा छंद होता. शिंपल्यासारख्या दोन झडपांच्या कवचात राहणारा नागपूरकडील एक इवलासा जीव विलायतेस पोहोचला आणि १८५९ साली विल्यम बेअर्ड यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास हिस्लॉप यांचे नाव दिले. आज तो सायक्लेस्थेरिया हिस्लोपी या नावाने ओळखला जातो. स्वतः हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या प्रवाहात बुडून वारले. त्यानंतर नॉर्वेच्या सार्स यांनी ऑस्ट्रेलियाहून आणविलेला वाळका चिखल पाण्यात भिजविला, तो त्यातून हाच जीव जिवंत होऊन उठला! हा वृत्तान्त त्यांनी १८८७ साली प्रसिद्ध केला. याही जीवाची माता कवचाखाली पिले वाढविते; याचेही नर विरळा, इतके की नराच्या रचनेचे सविस्तर विवेचन १९९६ साली निघाले. जनुकांच्या तुलनेवरून तो पाण्यातल्या पिसवांचा अगदी जवळचा नातलग ठरला आहे. तेव्हा ही कुळरीत फार पुरातन असली पाहिजे.

ती रीत कोणाच्या आज्ञेने चालते, यावर मोठा वाद झाला. फ्रायबुर्गच्या ऑगस्ट वाइसमान यांनी १८७६ ते १८७९ या काळात या जीवांचा कसून अभ्यास केला. सरोवरातील जातींत नर वर्षातून एकदा येतात, अल्पकाळ टिकणाऱ्या डबक्यांत अनेकदा, असे त्यांना दिसले. यावरून हा क्रम प्रत्येक जातीच्या बीजातच बांधलेला आहे, आयत्या वेळच्या परिस्थितीला त्यात स्थान नाही, असा त्यांनी निर्णय दिला. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आर्थर बँटा यांनी तो पुन्हा कसोटीस लावला. मातांची बाटलीत दाटी केली की मुलगे होत. त्यांना एकेकटे ठेविले की मुली. १९२९ साली त्यांनी व ब्राउन यांनी असेही दाखविले की, निर्णयाचा क्षण अंडी मातेच्या पाठीवरील पिशवीत उतरण्यापूर्वीच्या थोड्या तासांतच येऊन जातो.

परंतु गर्दीचा निरोप अंड्यापर्यंत पोहोचतो कसा? तो नेणारे संप्रेरक मिथिल फार्नेसोएट असावे, हे २००२ च्या सुमारास पुढे आले. ते पाण्यात मिसळताच सुस्थितीतील माताही पुत्र प्रसवू लागल्या. २०११ साली जपानातील काटो, वातानाबे व त्यांचे सहकारी यांनी पुढची कडी उलगडली. फळमाशीत पूर्वीच ठाऊक असलेले डबलसेक्स हे जनुक डॅफ्नियाच्या मुलीजवळही असते व मुलाजवळही. फरक एवढाच की नरगर्भात ते जागे होते. नरगर्भात ते दडपले तर मादीची लक्षणे उमटतात, अंडाशयसुद्धा. मादीगर्भात चेतविले तर नराची.

तथापि वाइसमान अगदीच चुकले असे म्हणता येत नाही. डॅफ्नियाच्या काही वंशांतील माता कितीही हाल झाले तरी पुत्र प्रसवीत नाहीत, आणि हा गुण एका प्रबळ अनुवंशिक घटकाने पुढे चालतो. बीज व परिस्थिती यांचे भांडण निसर्गाने एका बाजूने निकालात काढलेले नाही.

हा इतिहास शिकविताना मला माझ्या आत्याची आठवण होते. तिला लागोपाठ चार मुली झाल्या, आणि सासरी जन्मभर तिने त्याचा बोल ऐकला. माणसांत मूल मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावर अवलंबून असते, ही गोष्ट १९०५ नंतरच्या गुणसूत्रांच्या संशोधनाने उघड झाली होती. डबक्यातील मातेच्या अंगी मुलगा की मुलगी हे ठरविण्याची सोय खरोखर आहे आणि तिला कोणी जाब विचारीत नाही. माझ्या आत्याच्या अंगी ती नव्हती आणि जाब मात्र तिलाच द्यावा लागला. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली, इतर राज्यांच्या आधी केला. पण कायदा घरातील जिभेवर चालत नाही. मी त्या वेळी पदवीच्या वर्गात होतो. हे सारे मला पाठ होते, परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते. परंतु आत्याच्या सासरच्या ओसरीवर बसून वडीलधाऱ्यांसमोर ते चार शब्द बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.