तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

आमच्या साताऱ्याच्या घरात एक तंबोरा होता. आजोबांनी तो मिरजेहून आणला, एवढेच सांगितले जाई. आजोबा गाणारे नव्हते, शाळामास्तर होते. पण मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाला ते न चुकता जात, तिथे रात्रभर गाणे ऐकत आणि घरी आले की तंबोरा लावून नुसते ऐकत बसत. ते गेल्यावर तंबोरा गवसणीत गेला. काही वर्षांनी घरात लग्न निघाले, तेव्हा घराला रंग देताना कोणाच्या तरी मनात आले की तंबोराही जरा चमकवावा. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला तो दिला. त्याने वरपासून खालपर्यंत जाड व्हार्निश चढवले. तंबोरा आरशासारखा चमकू लागला, पण तारा छेडल्यावर पूर्वीची आस उरली नाही. नुसता ठोका वाजे आणि विरून जाई.

तो घेऊन मी मिरजेला गेलो, सतारमेकरांच्या गल्लीत. दुकानातल्या वयस्कर चाचांनी भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "मास्तर, ह्याला कुणी रजई पांघरली? ह्यो उन्हाळ्यात घामाघूम झालाय." मग म्हणाले, "ठेवून जा. आधी हे उतरवतो, मग बघू आत काय हाय ते."

त्या एका वाक्याने मला या गल्लीचा इतिहास वाचायला लावले.

हे सगळे लोक मूळचे शिकलगार. शिकलगार हा शब्द अरबी 'सैकल'वरून आला. सैकल म्हणजे चकाकी, धातूला घासून आणलेली झिलई. तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणारा, गंज उतरवून त्यांना पुन्हा उजळणारा तो सैकलगर, आपल्या तोंडी शिकलगार. म्हणजे जुन्या वस्तूला नवी कळा देणे हे या लोकांचे काम त्यांच्या नावातच आहे.

१८१८ साली पेशवाई संपली. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले. संस्थाने उरली, पण त्यांच्या फौजा नावापुरत्या राहिल्या. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने उरलीसुरली शस्त्रेही लोकांच्या घरातून गेली. लढाया थांबल्या याचा आनंद कोणालाही व्हावा, पण ज्याची भाकरी तलवारीच्या पात्यावर अवलंबून होती त्याने काय करायचे? इतिहासाच्या पुस्तकांत राज्य गेलेल्या राजांवर प्रकरणे असतात. काम गेलेल्या कारागिरावर एखादी ओळही क्वचित असते.

मिरजेच्या शिकलगारांनी वाट शोधली ती अशी. मिरज पटवर्धनांचे संस्थान, तिथे गवयांना आश्रय होता. बाहेरून आलेल्या गवयांची वाद्ये प्रवासात मोडत, तडकत. दुरुस्त कोण करणार? ज्याच्या हातात बारीक कानस आणि नजरेत बारकावा आहे, तो. सुमारे १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हाती घेतले, असे त्यांचे वंशज सांगत आले. आधी दुरुस्ती, मग नवी घडण, असा क्रम. पुढे 'सतारमेकर' हेच आडनाव झाले. एका पिढीत हत्यार सुटले आणि वाद्य हाती आले, पण कानस तीच राहिली.

ही कानस काय करते ते मी चाचांच्या दुकानात बसून पाहिले. त्यांनी आधी माझ्या तंबोऱ्यावरचे व्हार्निश स्पिरिटने मऊ करून पत्तीने खरवडले. घाई नाही. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळ फळी, सगळ्यात नाजूक. तीच तारांबरोबर थरथरते. तिच्यावर रंगाचा जाड थर बसला की थरथर दबते. लाकूड उघडे झाल्यावर त्यांनी ते ओळखले, तुणीचे. भोपळ्याला एक बारीक चीर होती, ती आतून कापड चिकटवून आणि सरसात कालवलेला लाकडाचा भुसा भरून बुजवली. हा भोपळा म्हणजे भाजीचा नव्हे. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे शेतकरी खास वाद्यांसाठी हे कडू, जाड सालीचे भोपळे पिकवतात आणि ते महिनोन्महिने वाळवावे लागतात. म्हणजे मिरजेच्या तंबोऱ्यात भीमाकाठच्या शेतकऱ्याचाही घाम आहे.

मग पॉलिश. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कापसावर मलमलीचा तुकडा गुंडाळून केलेली पुरचुंडी त्यात बुडवायची आणि हलक्या हाताने फिरवत राहायची. एक हात, वाळू द्यायचे, परत एक हात. थर इतका पातळ की लाकडाचे रेषे दिसावेत. चाचा म्हणाले, "लाकडाला दिसू द्यावं आन् बोलू द्यावं. चमक काय, बाजारातबी मिळते."

शेवटी जवारी. घोडीच्या पृष्ठभागावर किंचित उतार द्यायचा, म्हणजे थरथरणारी तार तिला सतत हलकेच शिवत राहते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवून ती जागा पकडायची. कानशीचा एक फटका जास्त पडला तर सगळे परत पहिल्यापासून. मापाची पट्टी कुठेच नाही, माप कानात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हेही जवारीचे मोठे जाणकार होते.

खाँसाहेबांचा या जिल्ह्यांशी आणखी एक संबंध आहे, तो आपल्याकडे कमी सांगितला जातो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारे पुस्तक १९१० साली काढले. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश राहिलेले इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्यांच्याशी हात मिळवला. प्रयोगांसाठी गळा हवा होता, तो खाँसाहेबांचा. त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाले. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ते मांडले गेले, पण भातखंडे आणि इतर जाणत्यांना ते पटले नाही. एकदा पट्टी दाबली की ठरलेला सूर, ना वर ना खाली. गाणे मात्र दोन सुरांच्या मधल्या वाटेत असते. सतारीचे पडदेही तार खेचून ओलांडावे लागतात. तंबोऱ्याला तर पडदेच नाहीत. तो सूर नेमून देत नाही, गाणाऱ्याला नुसती साथ देतो.

ही ओढ फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत जॅको पास्टोरियस या तरुण वादकाने पडदे काढलेल्या आपल्या १९६२ च्या फेंडर बेस गिटारच्या फळीवर बोटीला लावायचा इपॉक्सी चढवला, म्हणजे तारांनी लाकूड झिजू नये. त्या सपाट फळीवरून निघणारा गुणगुणता, घसरता सूर १९७६ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने जगभर पोचवला. तिथेही प्रश्न तोच: लाकडावर कोणता थर द्यावा आणि किती द्यावा. फरक इतकाच की तिथे वादकाचे नाव राहिले आणि वाद्याचे घराणेही नोंदले गेले. आमच्याकडे गवयाचे नाव राहते.

खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना वारले. त्यांना मिरजेच्या दर्ग्यातच दफन केले. आजही उरुसात तिथे त्यांच्या आठवणीने गाणे होते, हिंदू-मुसलमान गवई एकत्र बसतात. त्या मैफलीत जे तंबोरे वाजतात ते घडवणाऱ्यांचे नाव माईकवरून कोणी घेत नाही. १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आता तो मोबाइलमध्येही आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही मोठी गोष्ट. पण मानांकन गावाला मिळाले. गल्लीतल्या मुलाने कानस हाती घ्यावी की दुसरी नोकरी धरावी, हे मानांकन ठरवत नाही.

आपण मुसलमान वाचक इतिहास म्हटला की सुलतान, सरदार, किल्ले आठवतो, आणि त्यांच्यावरून भांडणारेही तेच आठवतात. आपला खरा इतिहास बऱ्याचदा अशा गल्लीत आहे. तलवार गेली तेव्हा रडत न बसता तीच कानस तंबोऱ्याच्या घोडीवर फिरवणाऱ्या हातांत. त्या हातांची नोंद आपणच ठेवली नाही, तर दुसरे कोण ठेवणार?

तंबोरा घेताना मी चाचांना विचारले, हा कोणाच्या हातचा? त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हात आमच्याच गल्लीतला. नाव लिहायची रीत नव्हती तवा."

साताऱ्याला आणून मी तो लावला. तो आता फारसा चमकत नाही, लाकडावरचे जुने डागही दिसतात. पण खर्ज छेडला की घर भरते. गवसणीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर तारीख, गल्लीचे नाव आणि दुरुस्त करणाऱ्या चाचांचे नाव आहे.