सर्पगंधा : राळेत दडून राहिलेले औषध

१९३१ साली एकाच वनस्पतीच्या मुळाविषयी भारतात दोन निबंध प्रसिद्ध झाले. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की या मुळाने उन्माद शमतो व चढलेला रक्तदाबही उतरतो. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसैन सिद्दीकी यांनी त्याच मुळातून स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली. एका निबंधात गुण होता, दुसऱ्यात द्रव्ये. त्या गुणाचे मुख्य द्रव्य मात्र हाती यायला आणखी एकवीस वर्षे जावी लागली.

वनस्पती होती सर्पगंधा. बिहारमध्ये तिच्या मुळाला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव ‘राउवोल्फिया’ हे सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ याच्या सन्मानार्थ पडले. तो हलब आणि बगदादपर्यंत फिरला. भारतात मात्र कधी आला नाही.

सिद्दीकींनी आपल्या एका अल्कलॉइडाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. रसायनशास्त्र म्हणून हे काम अव्वल दर्जाचे होते. पण दिवसेंदिवस टिकणारी, हळूहळू चढत जाणारी जी शांतता वैद्यांना रुग्णांत दिसे, तिचा पुरता उलगडा या स्फटिकांनी होईना. कारण पद्धतीतच होते. अल्कलॉइडे आम्लात ओढून घ्यावयाची आणि उरलेला चिकट, राळेसारखा अंश बाजूला सारायचा, अशी रीत होती. १९४० च्या दशकात भारतीय संशोधकांनाच आढळले, की त्या टाकाऊ राळेतही झोप आणणारा गुण आहे. तेथून शुद्ध द्रव्यापर्यंतची मजल मात्र त्यांना मारता आली नाही.

दरम्यान मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगतज्ज्ञ द्रव्य कोणते याची वाट न पाहता अख्ख्या मुळाच्याच गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना देत होते. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला आणि जगाचे लक्ष वेधले गेले. त्या काळी उच्च रक्तदाबावर पाश्चात्त्य वैद्यकाकडे फारसे काही नव्हते : मीठ वर्ज्य करून भात व फळांवर राहायचे, नाहीतर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया. अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी मूळ मागवून स्वतः वापरून पाहिले. शेकडो वर्षांचा वैद्यांचा अनुभव जे पटवू शकला नव्हता, ते एका इंग्रजी नियतकालिकातील काही पानांनी पटवले. यात वकिलांचे श्रेय जितके, तितकाच त्या काळाचा दोष.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल येथील सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी शुद्ध ‘रेसर्पिन’ मिळवले. कशातून? त्याच राळेच्या अंशातून. रेसर्पिनाची अल्कधर्मिता इतकी दुबळी, की नेहमीच्या रीतीत ते इतर अल्कलॉइडांबरोबर येतच नसे. मात्रा मिलिग्रॅमच्याही अंशात पुरे होई. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयातून नेथन क्लाइन यांनी त्याच्या शामक परिणामांची माहिती दिली, आणि बिहारचे ते जुने नाव आधुनिक वैद्यकात खरे ठरले.

औषधाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. काही रुग्ण खोल औदासीन्यात बुडू लागले. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले, की रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. पुढे पार्किन्सन विकाराच्या उपचाराची वाट त्यातूनच निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. रेसर्पिन स्वतः मात्र अधिक सुरक्षित औषधांपुढे मागे पडत गेले.

वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेच्या वाट्याला वेगळेच काही आले. औषध मुळात असल्याने ते घ्यायचे म्हणजे झाड उपटायचे. मागणी वाढली तशी जंगले उपसली गेली. भारताने मुळांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, आणि परदेशी कंपन्या आफ्रिकेतील तिच्या भावंडाकडे, राउवोल्फिया व्होमिटोरियाकडे वळल्या. १९९० मध्ये सर्पगंधेचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत दाखल झाले.