पांढरीची माती

दिवाळीच्या आधी आमच्या घरी पांढरीची माती यायची. यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गाव, आणि गावाबाहेर एक बुटके टेकाड. वडील बंडी जुंपून तिथली राखाडी माती आणत. आई तिने भिंती पोतारायची, उरलेली धाब्यावर पसरली जायची. मातीत खापरे निघत, क्वचित मणीही. मणी आम्ही पोरे गोट्यांच्या डबीत टाकत असू. ती माती म्हणजे कुणाची तरी पडलेली घरे होती, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

जुन्या कागदपत्रांत गावाला ‘काळी-पांढरी’ म्हटलेले असते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. आमची काळी कापसाला चांगली, घराला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पांढरी मात्र निसर्गाने दिलेली नाही. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, सारवणाचे थर असे पिढ्यानपिढ्या साचून ती होते. घरातून माती आणि मातीतून पुन्हा घर.

इजिप्तच्या घरांविषयी वाचू लागलो तेव्हा हेच आठवत राहिले. पिरॅमिडचा दगड मृतांसाठी आणि देवळे देवांसाठी. जिवंत माणूस, अगदी राजासुद्धा, राहायचा तो मातीच्या घरात. नाईलचा गाळ, त्यात चिरलेला पेंढा, लाकडी साचा आणि ऊन, एवढ्यावर वीट तयार. राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांचे देर अल-मदिना हे गाव वाळवंटाच्या कडेला होते. तिथे पाऊस जवळपास नाहीच, म्हणून तिथल्या साठ-सत्तर घरांच्या खोल्या, चुली, जिने तीन हजार वर्षांनंतरही मोजता येतात.

आपल्याकडे पाऊस एवढे शिल्लक ठेवत नाही. बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले. लोहयुग, सातवाहन, मध्ययुग आणि निजामकाळ असे वस्तीचे चार थर तिथे एकावर एक आहेत. तळाच्या लोहयुगीन थरात एका गोल घराचा आराखडा सापडला. चुनखडीची जमीन आणि तिच्याभोवती लाकडी खांब. भिंत नाही, छप्पर नाही. घर वाचायचे ते जमीन आणि खांब यांवरूनच.

हे वाचन डेक्कन कॉलेजने पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात करून दाखवले. तिथे शंभराहून अधिक घरे उजेडात आली. आधीची मोठी, आयताकृती, कुडाच्या भिंतींची. इ.स.पू. १००० नंतरची बहुतेक लहान, गोल. पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि माणसे झोपड्यांवर आली, असा अर्थ म. के. ढवळीकरांनी लावला. इनामगावपुरता तो पटतो. पण गोल म्हणजे गरीब हे समीकरण उचलून पाचखेडला लावायची घाई मी करणार नाही. लोखंड वापरणाऱ्या माणसांना चौकोन आखता येत नव्हता थोडाच! आमच्याकडे खळ्यावरची झोपडी गोल असायची, कारण पऱ्हाटीचा कुड गोल वळवला की कोपरे बांधायची कटकट नसते.

मातीच्या घराचा खरा शत्रू मात्र पाऊस नव्हे. इजिप्तमधले शेतकरी जुन्या वस्त्यांची टेकाडे खणून ती माती शेतात खत म्हणून टाकत. तिला ‘सबाख’ म्हणतात. १८८७ मध्ये अमार्ना इथे अशाच खणण्यात राजेरजवाड्यांच्या पत्रव्यवहाराच्या मातीच्या पाट्या सापडल्या. किती पाट्या त्याआधी गव्हा-बार्लीच्या मुळाशी गेल्या असतील! आमच्याकडेही पांढरीची माती शेतात जाते. वडील बंडीने आणत, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आहे. बंडीला दोनशे वर्षे लागली असती ते काम यंत्राने चार उन्हाळ्यांत केले. मीही त्यातलाच. धाब्याचे घर पाडून सिमेंटचे बांधले, तेव्हा भिंतींची सगळी माती मी तुरीच्या वावरात टाकली. खापरे वेचली नाहीत.

गेल्या मे महिन्यात टेकाडावर गेलो. निम्म्याहून कमी उरले आहे. जेसीबीने कापलेल्या उभ्या कडेत सारवलेल्या जमिनींच्या तीन रेघा एकाखाली एक स्पष्ट दिसत होत्या. मधल्या रेघेतून भुसभुशीत मातीचा एक उभा पट्टा खाली उतरत होता, मनगटाहून जाड. खांब कुजून गेला होता, त्याची जागा तेवढी राहिली होती. बोटांनी ती माती जरा मोकळी केली, तर हात कोपरापर्यंत आत गेला.