माळव्याची अफू आणि दमणचे बंदर

समुद्रमार्गे होणाऱ्या अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धचे कायदे हा विषय भिलाईसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या पोलादनगरीत बसून परका वाटतो. परंतु या कायद्यांच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रकरण आपल्या शिंदे-होळकरांच्या माळव्यात घडले.

बंगालमध्ये अफूची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. कलकत्त्यास लिलावात विकलेली ही अफू खाजगी व्यापारी चीनमध्ये, तेथील बंदी मोडून, उतरवीत. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखातली. ती या व्यापारात स्पर्धक ठरू नये म्हणून कंपनीने मुंबईतून तिच्या निर्यातीस बंदी केली. १८२०च्या दशकात होळकरांसह काही संस्थानिकांशी निर्बंधाचे करारही केले. शिंद्यांनी नकार दिला. माल राजपुतान्यातून कराचीस आणि तेथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. परक्या निशाणाखालील बंदरात कंपनीचा हुकूम चालत नव्हता.

अखेर १८३१ साली बंदी उठवून परवानाशुल्क बसविण्यात आले : पेटीमागे १७५ रुपये. तरीही चोरवाट स्वस्तच पडे, म्हणून १८३५ मध्ये ते १२५ वर आणले गेले. १८४३ मध्ये सिंध प्रांत खालसा होऊन कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत शुल्क ४०० रुपयांवर गेले. चोरवाटेच्या खर्चाहून कर कमी असेल तोवरच व्यापारी तो भरतो, हे अर्थशास्त्रातले साधे तत्त्व. या साऱ्या खटाटोपात कायदा राखत होता तो महसूल. व्यसनाधीन माणूस त्याच्या हिशेबात नव्हता.

चीनशी १९०७ मध्ये झालेल्या समझोत्यानंतर ही निर्यात टप्प्याटप्प्याने घटवून १९१३ मध्ये थांबविली गेली. स्वतंत्र भारताने १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी सर्वंकष कायदा केला. १९८८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील सतराव्या कलमाने खुल्या समुद्रातील संशयित जहाजाच्या झडतीसाठी ध्वजराष्ट्राची संमती मागण्याची रीत घालून दिली. २००१च्या दुरुस्तीने आपला कायदा भारतात नोंदलेल्या जहाजांवरील व्यक्तींना, ती जहाजे कोठेही असोत, लागू झाला.

दमणच्या वेळी अडलेला निशाणाचा प्रश्न आजही कायम आहे. केवळ त्यावर तोडगा काढण्याची सनदशीर वाट उपलब्ध झाली आहे. मंदसौर-नीमचच्या शेतांत आजही अफू पिकते, परवान्याने आणि औषधांसाठी. ज्या व्यापारात राज्यसंस्थाच भागीदार आहे, त्याविरुद्ध तिने केलेल्या कायद्याला नैतिक बळ लाभत नाही. कंपनीच्या कारभारातून घ्यायचा धडा हाच.